घाटातला ब्रेक आणि एकवीस दिवसांची तालीम

गेल्या जानेवारीत चिपळूणला एका वलीम्याला निघालो होतो. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा गाडी मोठी मुलगी चालवत होती. तिचा परवाना तीन महिन्यांचा. रीतसर क्लास लावून, पहिल्याच फेरीत पास होऊन मिळवलेला. मी शेजारी बसलो होतो, मागे तिची अम्मी आणि धाकटा.

अर्धा घाट उतरला असेल, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, ब्रेक नरम लागतोय. पाय खाली खाली जातोय." त्याच वेळी मलाही जळका वास आला. माथ्यापासून गाडी चौथ्या गिअरमध्ये होती आणि सगळा वेग ती एकट्या ब्रेकवर धरत आली होती. आवाज शक्य तितका शांत ठेवून मी म्हणालो, "ब्रेक दोन-तीनदा भरभर दाब. आता तिसरा टाक. आता दुसरा. इंजिन बंद करू नकोस." इंजिन घुमलं, गाडी अडखळल्यासारखी झाली आणि हळू पडली. पुढे रस्ता जरा रुंद झाला तिथे डोंगराच्या बाजूला थांबलो, हँडब्रेक ओढला, चाकापुढे दगड लावले. अर्धा तास कुणी फारसं बोललं नाही.

मग तिने विचारलं, "हे क्लासमध्ये कुणी सांगितलंच नाही. तुम्ही शेजारी नसता तर?"

पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी चिपळूणला राहायला जाणार होती. दर पंधरा दिवसांनी हाच घाट, आणि शेजारी कुणी नाही. त्यामुळे तिच्या प्रश्नाला "अल्लाहचा शुक्र माना" एवढं उत्तर पुरणार नव्हतं.

ब्रेकचं काय झालं होतं ते आधी सांगतो. ब्रेक म्हणजे घर्षण. घाटात सतत पाय ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतला ओलावा शोषलेला असतो, त्यामुळे ते लवकर उकळतं. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय बुडबुड्यांवरच दाबला जातो. यावरचा उपाय सगळ्या ट्रकवाल्यांना तोंडपाठ आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक फक्त लागेल तेवढा.

मला हे कोणत्याही क्लासने शिकवलेलं नाही. मामूंनी शिकवलं. ते १९७०च्या दशकात कराडहून मुंबईला गूळ आणि साखरेचे ट्रक न्यायचे. खंबाटकी, कात्रज आणि खंडाळा असे तीन घाट एका खेपेत. आधी चार वर्षं ते क्लिनर होते. त्यांच्या उस्तादने पहिलं वर्षभर स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. टायर ठोकून हवा ओळखायची, नट तपासायचे, घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाला दगड लावायचा, एवढंच काम. त्या वर्षात शिकायची खरी गोष्ट म्हणजे शेजारी बसून रस्ता बघणं. कुठल्या वळणावर उस्तादचा पाय आधीच उचलला जातो, समोरच्या बैलगाडीला तो किती लांबून ओळखतो, हे डोळ्यांत भरून घ्यायचं.

घरी परतल्यावर मी या प्रश्नाच्या मागे लागलो. गाडी शिकवण्याची पद्धत कुठून आली, तिच्यात संकटाचा विचार कधी होता का, आणि असेल तर तो कुठे हरवला?

आपल्या परवान्याची मुळं ब्रिटिश कायद्यात आहेत. हिंदुस्थानात १९१४च्या मोटार वाहन कायद्याने देशभर परवाना सक्तीचा केला. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र चालकाची सक्तीची परीक्षा १ जून १९३५ला सुरू झाली. त्याआधी तिथे फी भरली की परवाना मिळायचा. १९३४ साली ब्रिटनमध्ये जेमतेम २४ लाख वाहनं होती आणि रस्त्यावर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा सरकारला जाग आली. त्या परीक्षेत एक भाग होता अचानक थांबण्याचा. परीक्षक इशारा करायचा आणि उमेदवाराने गाडी ताब्यात ठेवून तत्काळ थांबवायची. म्हणजे संकटाचा विचार परीक्षेत पहिल्यापासून होता, पण एका कसरतीच्या रूपात.

आपल्याकडे १९३९चा कायदा आला, मग १९८८चा. तो १ जुलै १९८९ला लागू झाला आणि सोबत केंद्रीय मोटार वाहन नियम आले. हे नियम मी पहिल्यांदाच शांतपणे वाचले आणि चकित झालो. परीक्षेच्या नियमात उमेदवाराने संकटप्रसंगी गाडी थांबवून दाखवायची आहे. ड्रायव्हिंग स्कूलसाठी पूर्ण अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे. खासगी मोटारीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं. प्रवासी आणि मालवाहू वाहनांसाठी हे तास १५. प्रथमोपचारही त्या अभ्यासक्रमात आहे.

माझ्या मुलीने २१ दिवस पूर्ण केले. रोज अर्धा तास, त्यात गाडीत तीन शिकणारे. स्टिअरिंग तिच्या हातात रोज दहा-बारा मिनिटं. सगळं मिळून चार तास भरले असतील. रस्ता एकच, सपाट, गावाबाहेरच्या चौकापर्यंत जाऊन परत. ब्रेक आणि क्लच शिकवणाऱ्याच्या पायाखालीही असल्यामुळे जोरात ब्रेक दाबायची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही. प्रथमोपचाराचं नाव निघालं नाही. परीक्षेत वळणं घेऊन दाखवली, गाडी मागे घेऊन दाखवली, झालं. यात त्या एका क्लासला दोष देऊन उपयोग नाही. परीक्षेत जे विचारलं जातं तेच क्लास शिकवतो, आणि परीक्षेत गाडी हलवता येते का एवढंच बघितलं जातं. आपणही क्लासवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, "परवाना किती दिवसांत मिळेल?"

इथपर्यंत आल्यावर उत्तर सोपं वाटतं: संकटाचं प्रशिक्षण वाढवा. गाडी घसरवून शिकवा, एकदम ब्रेक लावायला शिकवा, अडथळा चुकवायला शिकवा. मलाही तसंच वाटलं होतं. पण हे करून पाहिलेले देश आहेत, आणि त्यांचा अनुभव सरळ नाही.

अमेरिकेत शाळेतून गाडी शिकवण्याची सुरुवात १९३४ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी झाली. एमॉस नेहार्ट नावाच्या प्राध्यापकाने ती केली. पुढे हजारो शाळांनी हा विषय घेतला. मग १९७०च्या दशकाच्या शेवटी जॉर्जिया राज्यातल्या डिकाल्ब काउंटीत एक मोठा प्रयोग झाला. सुमारे १६,००० विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. एका गटाला सुमारे ७० तासांचा भरगच्च अभ्यासक्रम दिला. त्यात सिम्युलेटर होता, मैदानावरचा सराव होता, रात्रीचं चालवणं होतं आणि संकटातून गाडी वाचवण्याच्या कसरतीही होत्या. दुसऱ्या गटाला परवान्यापुरतं शिक्षण, तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाचे अपघात सुरुवातीच्या काही महिन्यांत थोडे कमी दिसले, मग तो फरक विरून गेला. नंतरच्या फेरतपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. शिकलेल्या मुलांनी परवाने लवकर काढले, म्हणजे कोवळ्या वयात ती जास्त संख्येने रस्त्यावर आली.

नॉर्वेचा अनुभव याहून बोचरा आहे. तिथे रस्त्यांवर बर्फ, म्हणून १९७९पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. घसरणारी गाडी पुन्हा ताब्यात कशी आणायची, ते मैदानावर शिकवलं जाई. १९८८ साली तपासणी झाली तेव्हा दिसलं की तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढले आहेत. कारण समजायला कठीण नाही. मैदानावर चार वेळा गाडी सावरली की मुलाला वाटतं, मला हे येतं. मग तो बर्फातही वेग कमी करत नाही. सहा महिन्यांनी खरी वेळ येते तेव्हा हाताला सराव उरलेला नसतो, डोक्यात आत्मविश्वास मात्र शिल्लक असतो.

स्वीडनमधले संशोधक निल्स पेटर ग्रेगर्सन यांनी हीच गोष्ट १९९६ साली प्रयोगाने दाखवली. त्यांनी शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एका गटाला ब्रेक लावून अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्याला तोच प्रसंग देऊन दाखवलं की आपलं कौशल्य किती अपुरं आहे. काही दिवसांनी परीक्षा घेतली तर दोघांच्या प्रत्यक्ष कामगिरीत फरक नव्हता. फरक होता अंदाजात. पहिल्या गटाला आपण बरेच तरबेज झालो आहोत असं वाटत होतं. पुढे १९९९मध्ये स्वीडनने निसरड्या रस्त्याच्या प्रशिक्षणाचा रोखच बदलला, कौशल्यापेक्षा मर्यादेची जाणीव देण्यावर भर दिला.

हे वाचताना मला मामूंच्या उस्तादची आठवण झाली. त्याने वर्षभर स्टिअरिंग दिलं नाही तेव्हा तो हेच करत होता. शागिर्दाच्या मनात गाडीची दहशत आधी बसवत होता, हात नंतर तयार करत होता.

म्हणजे जुनी पद्धत परत आणा, असं मला म्हणायचं नाही. त्या पद्धतीचे दोषही मी घरात पाहिले आहेत. क्लिनर म्हणून बारा-तेरा वर्षांची पोरं जायची, शाळा सुटायची, उस्तादच्या हातचा मार तालीम म्हणून खपायचा. बरोबरच्या शिकवणीसोबत चुकीचीही शिकवण मिळायची. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, ही सवयसुद्धा उस्तादांकडूनच शागिर्दांकडे आली. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक निकामी झालेला ट्रक पुढच्या दहा गाड्यांना घेऊन जातो. खंडाळ्याच्या उतारावर असे अपघात आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्या शिकवणीला कुणी तपासणारं नव्हतं, आणि आजच्या क्लासलाही तसं कुणी नाही.

आपल्या समाजाशी या प्रश्नाचा आणखी एक धागा आहे. माल आणि प्रवासी वाहनांच्या चालकाला आठवी पास असण्याची अट होती. २०१९ साली केंद्र सरकारने ती काढली. त्यासाठी हरियाणा सरकारने मेवातचं उदाहरण दिलं होतं. मेवात हा बहुसंख्य मुस्लिम आणि गरीब इलाखा, आणि तिथल्या असंख्य घरांची रोटी ड्रायव्हिंगवर चालते. अट काढताना सांगितलं गेलं की शाळेच्या दाखल्यापेक्षा प्रशिक्षण आणि कौशल्याची कसून परीक्षा महत्त्वाची. ही भूमिका मला पटते. मामू चौथी शिकलेले होते आणि तीस वर्षं त्यांनी कुणाला धक्का लावला नाही. पण या सौद्याची दुसरी बाजूही पाळली जायला हवी. दाखला काढला आणि तालीमही तशीच ढिली राहिली, तर गरिबाच्या पोराला आपण फक्त धोकादायक काम मिळवून दिलं असं होईल.

१ जुलै २०२१पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले आहेत. त्यात हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तास ठरवले आहेत, ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. केंद्रात सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक हवा. तिथे पास झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. कागदावर हे पाऊल चांगलं आहे. पण १९८९चे १० तासही कागदावर चांगलेच होते. शिवाय जो शिकवतो तोच पास करणार असेल, तर त्याच्यावर बाहेरून नजर ठेवणारं कुणीतरी हवंच.

मग नेमकं काय शिकवावं? मी जे वाचलं आणि मामूंकडून जे ऐकलं, ते एका जागी येऊन मिळतं. संकटाची तयारी संकटाच्या आधीच्या पाच सेकंदांत असते. ब्रिटनने नोव्हेंबर २००२मध्ये परीक्षेत धोका ओळखण्याची चाचणी आणली. उमेदवाराला रस्त्याचे व्हिडिओ दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागताच त्याने बटण दाबायचं. उभ्या बसच्या पुढून पोर पळत येईल, हे पोर दिसण्याआधी ओळखायचं. न्यूझीलंडने १९८७पासून टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली. नव्या चालकावर आधी रात्री गाडी चालवण्याची आणि सोबत दोस्त घेण्याची बंधनं, अनुभव वाढेल तशी मोकळीक. ज्या देशांनी हा मार्ग घेतला तिथे तरुण चालकांचे अपघात कमी झाले. उस्ताद-शागिर्द पद्धतीतला चांगला भागही हाच होता, दीर्घ काळ कुणाच्या तरी नजरेखाली शिकणं. फक्त इथे त्याला कायद्याचा आधार आहे आणि मार नाही.

काही मोजक्या गोष्टी मात्र हाताने करूनच शिकाव्या लागतात, आणि त्यांनी कुणाला फाजील आत्मविश्वास येत नाही. एप्रिल २०१९पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. एबीएस असलेल्या गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरायचा असतो. पायाखाली थरथर होते, ती बिघाडाची खूण नाही. हे माहीत नसलेला माणूस घाबरून नेमका तेव्हाच पाय उचलतो. मोकळ्या जागेत, मागे कुणी नाही हे बघून, ही थरथर एकदा अनुभवली की पुरे.

दुचाकीचं तर विचारूच नका. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा. मोहल्ल्यातलं कुठलं पोर बाईकच्या क्लासला जातं? थोरला भाऊ शिकवतो आणि पहिला सल्ला देतो, "पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील." खरं तर कोरड्या रस्त्यावर सरळ जाताना गाडी थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, कारण थांबताना भार पुढच्या चाकावर येतो. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू घट्ट करत दाबायला शिकवलं पाहिजे. वळणावर आणि वाळूवर जपून. एका चुकीच्या सल्ल्याने आपली मुलं अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवत आहेत.

आणि अपघात झाल्यानंतरचं काय? कायद्याच्या कलम १३४ने जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी ठरवली आहे. मदत करणाऱ्या तिऱ्हाईताला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं, आणि २०१९च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आलं. हे किती नव्या चालकांना ठाऊक आहे? १ जुलै २०२३च्या रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. दाराची बाजू खाली गेली होती, काच फोडून बाहेर पडू शकले ते वाचले. काच कुठली आणि कशाने फोडायची, हे बसमध्ये बसताना आपल्याला कोण सांगतं?

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी असं दिलं. पुढचे चार रविवार आम्ही गाडी घेऊन निघालो. पहिल्या रविवारी ब्रेक ऑइल बदलून घेतलं, आणि स्टेपनी तिने स्वतः बदलली. दुसऱ्या रविवारी मोकळ्या माळावर एबीएसची थरथर. तिसऱ्या रविवारी ती फक्त बोलत होती. पुढे काय होऊ शकतं ते चालवता चालवता मोठ्याने सांगायचं: "तो रिक्षावाला वळेल. त्या ट्रकमागे कुणीतरी असेल." चौथ्या रविवारी पुन्हा कुंभार्ली, दुसऱ्या गिअरमध्ये, माथ्यापासून पोफळीपर्यंत. मागचे दोन-तीन जण हॉर्न वाजवून चिडले. तिने त्यांना जाऊ दिलं. पायथ्याला उतरून तिने चाकाजवळ हात नेऊन बघितला. म्हणाली, "अब्बा, आज वास नाही."

उंट आधी बांधा, मग तवक्कुल करा, ही नबींची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. गाडीच्या आरशाला तस्बीह लटकवणारे आपण, तिच्या ब्रेक ऑइलची तारीख किती जण बघतो? आपल्या जमाती, मदरसे आणि तरुण मंडळं रक्तदानाची शिबिरं भरवतात, त्याचं कौतुक आहे. वर्षातून एक दिवस मोहल्ल्यातले जुने ट्रक ड्रायव्हर आणि नवा परवाना घेतलेली मुलं-मुली एकत्र बसवावीत. एखाद्या डॉक्टरने रक्तस्राव कसा थांबवायचा ते दाखवावं, एखाद्या मिस्त्रीने ब्रेक उघडून दाखवावा. सरकारचे २९ तास गावोगावी पोचायला किती वर्षं लागतील कोण जाणे. मामूंच्या पिढीचे ड्रायव्हर मात्र आता थोडेच उरलेत, आणि त्यांना विचारायला कुणी जात नाही.